पाणी सुटतं तिथं

संगमनेरात प्रवरेला पाणी येत नाही, सुटतं. पावसाळ्याचे दिवस सोडले तर वर्षभर हेच. आज पात्रात खडक आणि डबकी दिसतात, उद्या कोणीतरी सांगतं, "आवर्तन सुटलं," आणि संध्याकाळी गंगामाई घाटाच्या पायऱ्यांना पाणी लागलेलं असतं. अशाच एका संध्याकाळी मी मुलांना घेऊन घाटावर गेले होते. चार वर्षांच्या धाकटीने पाण्याकडे बघत विचारलं, "कोणी सोडलं?" थोरला सात वर्षांचा. त्याने सांगून टाकलं, "भंडारदऱ्याने." त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "तो कुठे राहतो?"

त्या प्रश्नापायी आम्ही २०२५ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, भंडारदऱ्याला गेलो. अंतर काही मोठं नाही. अकोले, राजूर, शेंडी असं साठेक किलोमीटर. लग्न झाल्यापासून मी तिथे कितीतरी वेळा गेले आहे, पण दर वेळी भिंतीपाशी उभं राहून, रंधा धबधबा बघून, भजी खाऊन परत. पोरांना मात्र धरणाची भिंत दाखवून भागणार नव्हतं. ११ टीएमसी पाणी हा आकडा आपण पेपरात वाचतो, तालुक्यातली लहान पोरंही तो बोलतात. पण एवढं पाणी म्हणजे किती, हे काठावर उभं राहून कळत नाही. त्यासाठी त्या पाण्यावरून तासभर जावं लागतं. म्हणून ठरवलं, शेंडीहून नावेने रतनवाडीला जायचं. जलाशयाच्या एका टोकाहून पार दुसऱ्या टोकाला, जिथे प्रवरा उगम पावते तिथवर.

"एवढ्या थंडीत?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं विचारणं रास्त होतं. पण ऋतूंचा हिशेब केला तर लहान मुलांसाठी हिवाळाच उरतो. पावसात त्या डोंगरात धुकं आणि वारा असतो, पाणी गढूळ आणि चढतं असतं. मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला आलेल्यांची गर्दी असते आणि तोवर पाणी इतकं उतरलेलं असतं की रतनवाडीकडच्या टोकाला नुसता चिखल राहतो. डिसेंबरात धरणात भरपूर पाणी असतं, हवा स्वच्छ असते, सकाळी वारा पडलेला असतो. अडचण एकच, थंडी. आणि थंडीची तयारी करता येते.

ती कशी करायची नाही, हे आम्ही आदल्या हिवाळ्यात शिकलो होतो. दुसऱ्या एका जलाशयावर, सूर्योदय बघायचा म्हणून, सकाळी साडेसहाला पोरांना झोपेतून उचलून नावेत बसवलं. अंगात स्वेटर होते, कानटोप्या होत्या. वाटलं, पुरे. नाव चालू लागली आणि वारा स्वेटरच्या विणीतून थेट आत शिरला. मोठ्यांच्या मापाची लाइफ जाकिटं मुलांना घातलेली, ती त्यांच्या कानांपर्यंत चढली. थोरला रडत होता, म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. धाकटी गप्प होती. तिला मी शहाणी समजत होते. वीस मिनिटांनी तिचा हात हातात घेतला तर बोटं वळत नव्हती आणि ओठ जांभळट झाले होते. नाव परत फिरवली. काठावर एका टपरीच्या चुलीपाशी तिला मांडीवर घेऊन अर्धा तास बसले, तेव्हा ती रडायला लागली आणि माझ्या जिवात जीव आला. थंडीत रडणाऱ्या मुलाला अजून ताकद असते. गप्प झालेल्याकडे आधी बघायचं. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने अंगाची कातडी जास्त, त्यामुळे त्याची ऊब आपल्याआधी निघून जाते. त्यात नावेत मूल बसून राहतं, धावत नाही, मग अंगात ऊब तयार होणार कुठून? आणि चालत्या नावेत वारा पडलेला असला तरी नावेचा स्वतःचा वारा असतोच. नऊ अंशांची हवा त्या वाऱ्यात सहा-सात अंशांसारखी लागते.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत सिॲटलला असते. तिने तिच्या दोन्ही मुलांना, तेव्हा पाच आणि तीन वर्षांची असताना, अलास्काच्या जहाजावर नेलं होतं. ग्लेशियर बे नावाच्या खाडीत ती मोठी जहाजं बर्फाच्या कड्यापाशी जाऊन उभी राहतात. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी ती सबंध खाडीच बर्फाने भरलेली होती. तो बर्फ शंभर किलोमीटर मागे सरला म्हणून आज तिथे पाणी आहे आणि जहाजं आत जातात. मी तिला फोन करून विचारलं, तू काय केलंस? तिने सांगितलेलं सगळं साधं होतं. मुलांना डेकवर एका वेळी पंधरा-वीस मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, ती "नाही ना, थोडं अजून" म्हणाली तरी आत आणायचं. सगळ्यात बाहेरचं कापड वारा अडवणारं पाहिजे, लोकर त्याच्या आत. मोजे आणि हातमोजे यांचा दुसरा कोरडा जोड खिशात. आणि खायला गोड-तुपकट, थोडं थोडं, सारखं. जहाजावर आत जाता येतं, नावेत जाता येत नाही, हा फरक तिनेच बोलून दाखवला. "ताई, तुमच्या नावेत आतली खोली तूच आहेस," ती म्हणाली.

वारा अडवणारं कापड घरात होतं. शाळेचे रेनकोट. डिसेंबरात माळ्यावरून रेनकोट काढताना बघून सासूबाईंना नवल वाटलं, पण स्वेटरवर रेनकोट चढवला की वारा खरोखर आत शिरत नाही. आत कोरडी बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर, त्यावर रेनकोट. कानटोपी गळ्यापर्यंत येणारी. सोबत एक पातळ गोधडी, डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, आणि थर्मासमध्ये गवती चहा घातलेलं दूध.

आणि जाकिटं आम्ही स्वतःची घेतली. यावर मी ठाम होते. लहान मुलाचं लाइफ जाकीट वयावर नाही, वजनावर घ्यायचं असतं. धाकटीच्या जाकिटाला मानेमागे उशीसारखी कॉलर आहे, ती तोंड पाण्याच्या वर धरते, आणि दोन पायांमधून येणारा पट्टा आहे. तो पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडल्यावर जाकीट वर जातं आणि मूल खालून निसटतं. स्वेटर आणि रेनकोट अंगात असतानाच ते घालून बघायचं, सगळे पट्टे आवळायचे, मग खांद्यापाशी दोन्ही बाजूंनी धरून मुलाला वर उचलायचं. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. आम्ही हे घरात, दिवाणखान्यात केलं. दोन्ही मुलांना उचलून घ्यायचा खेळ वाटला आणि त्यांनी तो आठ-दहा वेळा करायला लावला. नावेत जाकीट काढायचा हट्ट दोघांनीही केला नाही, त्याचं कारण तो खेळ असावा असं मला वाटतं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई निघालो. कळस मागे पडलं, सुगाव आलं. तिथे रस्ता नदीच्या जवळून जातो आणि माझं बोलणं दर वेळी थांबतं. मे २०२४ मध्ये इथे पोहायला उतरलेली दोन तरुण मुलं बुडाली. दुसऱ्या दिवशी त्यांना शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक आलं, आणि त्याच पाण्यात पथकाची बोट उलटून तीन जवान गेले. पाण्यात उतरणं हेच ज्यांचं काम होतं, अशी माणसं. त्याच आठवड्यात उजनी धरणाच्या पाण्यात वादळात प्रवासी बोट उलटली, त्यात लहान मुलं होती. आणि १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून पंधरा माणसं गेली. त्या बोटीत सहलीला निघालेली कुटुंबं होती, आमच्यासारखी. मुलांना मी यातलं काही सांगितलं नाही. पण हे मनात ठेवल्याशिवाय कोणत्याही आईबापाने मुलाला नावेत बसवू नये असं मला वाटतं.

अकोल्याच्या पुढे विठ्याचा घाट चढला की हवा बदलते. राजूरला गाडीची काच खाली केली तर गवताचा आणि धुराचा वास आला. शेंडीत एका घरी राहण्याची सोय केली होती. पहाटे संगमनेरहून निघून पोरांची झोप मोडण्यापेक्षा रात्री तिथे झोपवलेली बरी. रात्री अंगणात शेकोटी होती. नागलीची भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी खाऊन दोघं आजीच्या दोन बाजूंना गोधडीत शिरली आणि साडेआठला झोपली.

सकाळी सातला मी एकटी धक्क्याकडे गेले. गाडीतल्या काट्यावर बाहेरचं तापमान ९ अंश दाखवत होतं. पाणी दिसतच नव्हतं. जिथे जलाशय असायला हवा तिथे पांढरं, संथ हलणारं धुकं भरलेलं होतं आणि त्यातून वर फक्त डोंगरांचे माथे. नावाडीमामा काठावर बिडी ओढत बसले होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलणं झालं होतं. ते म्हणाले, "ताई, घाई करू नका. धुकं उठल्याबिगर मी नाव सोडीत नसतो. पोरांना जेवू-खाऊ घाला, नऊ-साडेनवाला या." मला त्या क्षणी त्यांचा फार आधार वाटला. नाव कधी सोडायची नाही, हे ज्याला कळतं त्याच्याच नावेत मुलांना बसवावं.

साडेनऊला ऊन पाण्यावर आलं होतं. धुकं काठाकाठाने विरळ झालं होतं, तरी पाण्याच्या अंगावरून पातळ वाफेसारखं उठत होतंच. निघण्याआधी दोघांना लघवीला नेऊन आणलं. थंडीत ती लवकर लागते आणि पाण्याच्या मधोमध काही उपाय नसतो. माझे यजमान नावेत बसले नाहीत. ते गाडी घेऊन मुतखेल, कोलटेंभेवरून वळसा घालत रतनवाडीला येणार होते. ही युक्ती मी प्रत्येकाला सांगेन. नावेचा प्रवास एकाच बाजूचा ठेवावा. जातानाचा तास मुलांना नवा असतो. परत येतानाचा तोच तास म्हणजे थकवा, भूक, वारा आणि रडणं.

"पोरांना मधी बसवा, कडंला नको," मामा म्हणाले. "आणि इंजनापासून लांब. वासानं मळमळतं." मी मधल्या फळीवर बसले, एका बाजूला थोरला, मांडीत धाकटी, समोर सासूबाई. गोधडी चौघांच्या गुडघ्यांवर.

पहिली दहा मिनिटं कोणी बोललं नाही. भिंत मागे सरत गेली. दगडात बांधलेली, २७० फूट उंच. १९१० साली बांधायला घेतली, आणि १० डिसेंबर १९२६ ला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. त्यांचं नाव धरणाला पडलं, आर्थर हिल यांचं जलाशयाला. पण आपल्याकडे विल्सन आणि आर्थर कोणी म्हणत नाही, भंडारदरा म्हणतात. २०२६ च्या डिसेंबरात धरणाची शंभर वर्षं. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातला ऊस, तिथले साखर कारखाने, आमच्या ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणारे प्रवरेचे दोन कालवे, हे सगळं या भिंतीवर उभं राहिलं. दर पावसाळ्यात, पंधरा ऑगस्टच्या सुमारास, "धरण भरलं का?" हा प्रश्न संगमनेरपासून राहुरीपर्यंत लोक एकमेकांना विचारतात.

त्या भिंतीच्या आतल्या बाजूने मात्र वेगळी गोष्ट ऐकू येते. मामांनी हाताने पाण्याच्या मधोमध दाखवलं. "इथं खाली आमच्या आज्याची भातखाचरं." मग थोडा वेळ ते गप्प राहिले. "खालच्या मुलखाला पाणी झालं, चांगलं झालं." महादेव कोळी आणि ठाकर लोकांची ही गावं. पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा हिशेब आम्ही खालचे लोक फारसा बोलत नाही. थोरला वाकून पाण्यात बघत होता. त्याला खाचरं दिसली नाहीत. तरी तो बराच वेळ बघत राहिला आणि मग मला हळूच म्हणाला, "आई, आपलं पाणी त्यांच्या शेतात साठवलंय." मी हो म्हटलं. यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

धाकटीला त्या वाफेचं वेड लागलं होतं. "पाणी तापवलंय का?" ती सारखी विचारत होती. मी सांगून बघितलं की पाणी रात्रभर हळूहळू निवतं, हवा मात्र लवकर गार होते, म्हणून पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि त्याची वाफ गार हवेत दिसते. तिला ते पटलं नाही. मामांनी इंजिन बंद केलं. नाव आपोआप थांबत आली. त्या एकदम पडलेल्या शांततेत मी तिला जाकिटाच्या पट्ट्याने घट्ट धरलं, हातमोजा काढला आणि तिचा हात पाण्याला लावला. तिने हात आत घातला, बाहेर काढला, वाऱ्यात धरला, पुन्हा आत घातला. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "आई, कोमट आहे!" मग थोरल्याने हात घातला, मग सासूबाईंनीही पदर सावरून दोन बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि म्हणाल्या, "गंगामाई." मी लगेच पंच्याने हात पुसून कोरडा मोजा चढवला. ओला हात वाऱ्यात ठेवला तर ती कोमट गंमत दोन मिनिटांत दुखायला लागते.

इंजिन बंदच होतं तेव्हा थोरल्याने हाक मारली. स्वतःचंच नाव. उजवीकडच्या कड्यावरून ते परत आलं. त्याला वाटलं तिथे कोणी मुलगा आहे. बहिणीने सांगितलेली एक गोष्ट तेव्हा मला आठवली. अलास्कात बर्फाचा सुळका कोसळताना आधी दिसतो आणि कडाडणं नंतर ऐकू येतं. मी त्याला सांगितलं, हाक मार आणि मोज. "एक... दोन..." दोनच्या आसपास हाक परत आली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तेवढाच जाऊन तेवढाच परत आला, म्हणजे कडा ३४० मीटरवर. संगमनेरच्या घरापासून शाळेपर्यंत जेवढं, जवळपास तेवढंच. नंतर नाव पुढे गेली तसं तो सारखा म्हणत राहिला, "आता शाळा जवळ आली. आता लांब गेली."

डोंगर हळूहळू जागा बदलत होते. मागे उजव्या हाताला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. समोर रतनगड आणि त्याच्या शेजारी खुट्ट्याचा सुळका, खुंट ठोकल्यासारखा. एका वाळक्या झाडावर पाणकावळे पंख पसरून ऊन घेत बसले होते. धाकटी म्हणाली, त्यांचे रेनकोट वाळत घातलेत. एक खंड्या निळ्या रेघेसारखा पाण्यावरून गेला. पाणी मधे काळंनिळं आणि काठाला हिरवं. मी आल्प्स पाहिलेले नाहीत, नॉर्वेच्या खाड्या पाहिलेल्या नाहीत. पण उतरत्या उन्हाळ्यात जळून जाणारे हे आपले डोंगर डिसेंबरच्या सकाळी पाण्यातून बघितले की बाहेर कुठे जायला हवं असं मला वाटत नाही.

चाळीसाव्या मिनिटाला धाकटी शांत झाली. मी लगेच मोजा काढून बोटं बघितली. गरम होती. मानेमागे रेनकोटच्या आत हात घातला. ऊब होती. तिला नुसती झोप येत होती. दुधाचे चार घोट, अर्धा डिंकाचा लाडू, आणि ती गोधडीत टेकली. गेल्या वर्षी हाच हात मी वीस मिनिटं बघितला नव्हता.

रतनवाडीच्या टोकाला पाणी उथळ होत गेलं, नावेचा तळ गाळाला लागला. मामांनी पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात उडी घेतली आणि दोन्ही मुलांना एकेक करून काठावर ठेवलं. जाकिटं अंगातच होती. काठावर पाय कोरडे ठरेपर्यंत ती काढायची नाहीत, हा आमचा नियम.

गाव दोन पावलांवर. गाडी आलेलीच होती. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ दगडी, कोरीव, शिलाहारांच्या काळातलं सांगतात. झंज राजाने बांधलं अशीही आठवण आहे. त्याला दोन्ही बाजूंनी दारं आहेत आणि पावसाळ्यात गाभाऱ्यातली पिंड पाण्यात जाते. जवळच बारा कोनाड्यांची पुष्करणी आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी. सासूबाई पिंडीपाशी बराच वेळ बसल्या. अमृताच्या वाटपाची कथा त्यांनी मुलांना सांगितली, प्रवरेला अमृतवाहिनी का म्हणतात ते सांगितलं. मला त्या कथेहून जास्त दुसरी गोष्ट आठवत होती. हेच पाणी पुढे आमच्या गावात म्हाळुंगीला भेटतं, त्या संगमावर आमचं गाव वसलं. मग नेवाशाला जातं, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि पुढे गोदावरीत मिळतं. आमच्या घरच्या नळालाही निळवंडे धरणाहून थेट आलेलं हेच पाणी असतं.

देवळाच्या पुढे रतनगडाच्या वाटेवर एक ओढा लागतो. डिसेंबरात त्याला घोट्याएवढं पाणी, दगडांतून वाजत येणारं. गावातल्या एका आजींनी सांगितलं, "ही प्रवरा." थोरला थांबला. घाटावर तुडुंब वाहणारी, सुगावपाशी आईला गप्प करणारी, आता एवढीशी. धाकटीने काही विचार न करता एक ढांग टाकली आणि पलीकडे गेली. मग परत अलीकडे आली. "मी प्रवरा ओलांडली," असं ती घरी पोचेपर्यंत सांगत होती, आणि ते खरंच होतं.

दुपारी एका घरी गरम भात, आमटी खाल्ली आणि अंधार पडायच्या आत घरी आलो. जानेवारीत आवर्तन सुटलं तेव्हा मुलांनी घाटावर जाऊन पाण्याला हात लावला. संध्याकाळ होती, पाणी थंडगार होतं. धाकटी म्हणाली, "वाटेत निवलं."

आता थोडं कामाचं. नाव चालवणाऱ्या, धक्के बघणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे की मोठ्या जाकिटांच्या ढिगात लहान मापाची चार-सहा तरी ठेवा, पायांमधला पट्टा असलेली. मुलाला मोठ्यांचं जाकीट घालून फोटो बरा येतो, जीव वाचत नाही. आणि आईवडिलांना विनंती आहे, मापाचं जाकीट नसेल तर नावेत बसू नका, काठावरून डोंगर बघा आणि परत या. धुकं असताना नाव काढायला तयार होणाऱ्याच्या नावेत तर मुळीच बसू नका.

आमची दोन जाकिटं, एक वीस किलोपर्यंतच्या मुलाचं आणि एक तीस किलोपर्यंतचं, धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवली आहेत. आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं यंदा ती घेऊन गेली. ओळखीतल्या, शेजारपाजारच्या कोणालाही लहान मुलं घेऊन भंडारदऱ्याला जायचं असेल तर त्यांनी खुशाल न्यावीत. परत आणून दिली की झालं.